लिथियम बॅटरी बसवल्यावर इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो: बॅटरी बदलण्याआधी काय तपासावे

घरातील जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून त्यांच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी बसवली की काही दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग ठरावीक तक्रारी सुरू होतात. पडद्यावर साठा ४० टक्के दिसत असताना इन्व्हर्टर अचानक बंद पडतो. किंवा चार्जिंग अगदी शेवटच्या टप्प्यात आले की जादा व्होल्टेजचा इशारा देऊन तो थांबतो. किंवा रात्री बॅटरी एकदा पूर्ण उतरली की सकाळी सौरपॅनेलवर लख्ख ऊन असूनही चार्जिंगला सुरुवातच होत नाही. बंद करून पुन्हा चालू केले की तात्पुरते भागते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी बॅटरीच खराब निघाली, हा निष्कर्ष सर्वांत आधी काढला जातो आणि तोच खिशाला सर्वांत जड जातो, कारण नवी बॅटरी आणली तरी ती त्याच इन्व्हर्टरला, त्याच सेटिंगवर जोडली जाते आणि तशीच वागू लागते.

या तक्रारींमागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचा मेळ बसलेला नसतो. लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस, म्हणजे बॅटरी व्यवस्थापन प्रणाली असते. ती प्रत्येक सेलचे व्होल्टेज, तापमान आणि एकूण प्रवाह यांवर लक्ष ठेवते आणि यांपैकी काहीही मर्यादेबाहेर गेले की बॅटरीचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तोडून टाकते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी असे कधीच करत नाही. ती चुकीचे चार्जिंग निमूटपणे सोसते आणि लवकर निकामी होते. त्यामुळे ज्या सेटिंगवर जुनी बॅटरी वर्षानुवर्षे चालली, त्याच सेटिंगवर नवी बॅटरी बंद पडते, आणि त्या बंद पडण्यात दोष सेलचा नसतो.

तपासणीआधी सुरक्षिततेविषयी थोडे. ४८ व्होल्टच्या बॅटरीतूनही शॉर्ट सर्किटच्या क्षणी हजारो अँपिअर वाहू शकतात आणि हातातला पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर धातू वितळून उडतो. म्हणून अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि इन्सुलेटेड हत्यारेच वापरावीत. शेकडो व्होल्टच्या उच्च-व्होल्टेज संचाला तर घरमालकाने हातच लावू नये. पडद्यावरचे किंवा अ‍ॅपमधले आकडे वाचणे कोणालाही जमते. केबल सोडवण्या-जोडण्याचे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

सेल १५ आहेत की १६?

बॅटरीवर ‘४८ व्होल्ट’ एवढेच छापलेले असेल तर त्यावर विसंबू नये. आयर्न फॉस्फेट सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.२ असते आणि चार्जिंगची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट. बाजारात ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाखाली दोन प्रकारच्या बॅटऱ्या मिळतात. एकीत १५ सेल असतात, तिचे नाममात्र व्होल्टेज ४८ आणि कमाल मर्यादा ५४.७५ व्होल्ट. दुसरीत १६ सेल असतात, तिचे नाममात्र व्होल्टेज ५१.२ आणि कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट. बाहेरून दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात, पण १६ सेलसाठी योग्य असलेले ५६.८ व्होल्टचे चार्जिंग १५ सेलच्या बॅटरीला दिले तर प्रत्येक सेलच्या वाट्याला जवळपास ३.७९ व्होल्ट येतात आणि बीएमएसला ती तोडावीच लागते.

याच्या उलट चूक अधिक फसवी असते, कारण तीत काहीच बंद पडत नाही. १६ सेलच्या बॅटरीला १५ सेलचे ५२.५ व्होल्ट दिले तर प्रत्येक सेलला जेमतेम ३.२८ व्होल्ट मिळतात. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, सेलचे संतुलन कधीच साधले जात नाही आणि मालकाला मात्र वाटत राहते की जाहिरातीत सांगितलेली क्षमता खोटी आहे. म्हणून पहिले काम म्हणजे पुस्तिकेत सेलची संख्या शोधणे. ती सापडत नसेल तर बॅटरीच्या पाटीवरचे नाममात्र व्होल्टेज पाहावे, ५१.२ असेल तर सेल १६ आहेत.

लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगमधले चार सापळे

इन्व्हर्टरच्या मेनूत बॅटरीचा प्रकार ‘फ्लडेड’, ‘जेल’ किंवा ‘एजीएम’ या लेड-अ‍ॅसिडच्या प्रकारांपैकी काही निवडलेला असेल, तर चार गोष्टी आपोआप लागू होतात आणि चारही लिथियमला नकोशा आहेत.

पहिली म्हणजे इक्वलायझेशन. लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटवर साचलेले सल्फेट सुटावे म्हणून इन्व्हर्टर ठरावीक दिवसांनी व्होल्टेज मुद्दाम वाढवतो. ४८ व्होल्टच्या संचात ते ६२ व्होल्टच्या आसपासही जाऊ शकते. १६ सेलच्या बॅटरीची मर्यादा ५८.४ आहे, त्यामुळे त्या दिवशी ती बंद पडणारच. ‘महिन्यातून एकदाच, कारण नसताना बंद पडते’ अशी तक्रार असेल तर मी सर्वांत आधी हीच नोंद उघडायला सांगेन. दुसरी गोष्ट तापमानानुसार होणारी व्होल्टेजची भरपाई. लेड-अ‍ॅसिडच्या २४ सेलच्या संचात प्रत्येक सेलमागे, प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण ४ मिलिव्होल्ट धरले, तर २५ अंशांवरून तापमान १० अंशांवर उतरताच चार्जिंगचे व्होल्टेज जवळपास १.४ व्होल्टने वाढते. लिथियमला ही भरपाई अजिबात लागत नाही. उन्हाळ्यात नीट चालणारी यंत्रणा थंडीत बंद पडू लागली तर मूळ इथे असू शकते. मात्र थंडीत चार्जिंग थांबण्याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते योग्य आहे: सेलचे तापमान शून्य अंशाखाली गेले की बीएमएस चार्जिंग रोखते, कारण त्या तापमानाला चार्ज केल्यास सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर साचून सेल कायमचा खराब होतो. हे संरक्षण कोणत्याही युक्तीने टाळू नये. बॅटरीची जागा बदलावी.

तिसरी गोष्ट फ्लोट व्होल्टेजची. बॅटरी भरल्यावरही तिला दिवसरात्र वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणे लेड-अ‍ॅसिडला आवश्यक असते, लिथियमचे आयुष्य मात्र त्याने कमी होते. १६ सेलसाठी चार्जिंग ५५.२ ते ५६.८ व्होल्ट आणि फ्लोट सुमारे ५३.६ ते ५४ व्होल्ट ही साधारण सुरक्षित कक्षा आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच प्रमाण मानावेत.

चौथी गोष्ट म्हणजे खालची मर्यादा. सकाळी ऊन असून चार्जिंग सुरू न होण्याचे कोडे इथेच सुटते. लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगमध्ये इन्व्हर्टर ४२ व्होल्टपर्यंत बॅटरी वापरत राहतो, म्हणजे १६ सेलच्या बॅटरीत प्रत्येक सेल २.६३ व्होल्टपर्यंत उतरतो. अनेक बीएमएस त्याआधीच संबंध तोडतात. एकदा तो तुटला की टर्मिनलवर जवळपास काहीच व्होल्टेज दिसत नाही, आणि बॅटरीचे व्होल्टेज जाणवल्याशिवाय चार्जिंग सुरूच न करणारे इन्व्हर्टर पुष्कळ आहेत. बॅटरी इन्व्हर्टरची वाट पाहते आणि इन्व्हर्टर बॅटरीची. अशा वेळी बीएमएसचे जागे करण्याचे बटण किंवा लिथियमसाठी तशी सोय असलेला चार्जर वापरावा; दुसरी भरलेली बॅटरी थेट आडवी जोडून ‘धक्का’ देण्याचा प्रकार धोक्याचा आहे. कायमचा उपाय म्हणून १६ सेलसाठी इन्व्हर्टरची खालची मर्यादा ४८ ते ४९ व्होल्ट ठेवावी. त्या पातळीखाली या बॅटरीत वीज फारशी उरलेलीच नसते, त्यामुळे गमावण्यासारखे काही नाही.

चार्जिंग संपता संपता बंद पडत असेल तर

सेटिंग बरोबर असूनही शेवटच्या टप्प्यात बॅटरीचा संबंध तुटत असेल तर एकूण व्होल्टेजकडे पाहू नये, एकेका सेलकडे पाहावे. बीएमएसच्या अ‍ॅपमध्ये सोळाही आकडे दिसतात. समजा चार्जिंग चालू आहे, १५ सेल ३.४२ व्होल्टवर शांत बसले आहेत आणि अकरावा सेल ३.५०, ३.५६, ३.६१ असा डोळ्यांदेखत चढत आहे. तो ३.६६ ला पोहोचतो, आतला कॉन्टॅक्टर किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच उघडतो आणि सगळे आकडे खाली सरकतात. त्या क्षणी संचाचे एकूण व्होल्टेज किती होते? १५ गुणिले ३.४२ अधिक ३.६६, म्हणजे ५४.९६ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या दृष्टीने ५६.८ ची पातळी अजून यायची होती, म्हणून तो पूर्ण प्रवाह ढकलतच होता. संबंध अचानक तुटल्याने त्याच्या डीसी बाजूचे व्होल्टेज उसळले आणि त्याने जादा व्होल्टेजचा इशारा दिला.

हा अकरावा सेल सहसा खराब नसतो, इतरांपेक्षा थोडा आधी भरलेला असतो. बीएमएसचे संतुलन मंडळ त्यातली जादा वीज रोधकात जाळून त्याला इतरांच्या रांगेत आणते, पण बहुतेक घरगुती बॅटऱ्यांत हा संतुलन-प्रवाह ५० ते २०० मिलिअँपिअर इतकाच असतो आणि सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच तो सुरू होतो. १०० अँपिअर-तासाच्या सेलमध्ये ५ अँपिअर-तासांचा फरक पडला असेल तर १०० मिलिअँपिअरने तो भरून निघायला ५० तास लागतात, आणि तेही बॅटरी वरच्या टोकाला असताना मोजलेले तास. रोज त्या टोकाला जेमतेम दहा मिनिटे मिळत असतील तर हा फरक कधी मिटणार?

म्हणून उपाय असा: चार्जिंगचे व्होल्टेज काही दिवस ५५.२ म्हणजे प्रत्येक सेलला ३.४५ इतके खाली आणावे, फ्लोटही त्याच पातळीला ठेवावे, चार्जिंगचा प्रवाह ५ ते १० अँपिअरवर मर्यादित करावा आणि बॅटरीला त्या अवस्थेत जितके तास राहता येईल तितके राहू द्यावे. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमधला फरक दिवसागणिक कमी होत असल्याचे अ‍ॅपमध्ये दिसले पाहिजे. तो ३० मिलिव्होल्टच्या आत आला की सेटिंग पूर्ववत करावे. आठवडा-दोन आठवडे असे करूनही तोच सेल पुढे पळत असेल आणि बॅटरी उतरताना तोच सर्वांत आधी खाली कोसळत असेल, तर त्याची क्षमता खरोखर कमी आहे आणि तिथे हमीचा प्रश्न सुरू होतो.

लोड चालू होताच बंद पडत असेल तर

इथे प्रवाहाचे गणित करावे. ५ किलोवॉटचा लोड ५१.२ व्होल्टवर जवळपास ९८ अँपिअर मागतो, आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर १०५ अँपिअरच्या पुढे जातो. १०० अँपिअर-तासाच्या अनेक बॅटऱ्यांसाठी उत्पादक ५० अँपिअर सतत प्रवाहाची शिफारस करतात आणि १०० ही कमाल मर्यादा असते. म्हणजे ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर आणि ५ युनिटची एकच बॅटरी ही जोडी कागदावर शोभते, पण पूर्ण लोडला टिकत नाही. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या तीन ते सात पट प्रवाह घेते. पंप आणि कॉम्प्रेसर असलेल्या घरात तर हे आधीच मोजायला हवे. बॅटरी जोडताक्षणीच बीएमएस शॉर्ट सर्किट दाखवत असेल तर कारण इन्व्हर्टरमधले रिकामे कपॅसिटर असते. ते आधी रोधकातून हळूहळू भरून घ्यावे लागतात.

प्रवाह मर्यादेत असूनही बंद पडत असेल तर केबल आणि लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे जोड) पाहावेत. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध दर मीटरला साधारण ०.७ मिलिओम असतो. जाऊन-येऊन ४ मीटरला १०० अँपिअरवर सुमारे ०.२८ व्होल्ट घटतात, एवढे चालते. पण नीट न दाबलेल्या एका लगचा रोध ५ मिलिओम झाला तर तिथेच अर्धा व्होल्ट घटतो आणि ५० वॉट उष्णता तयार होते. पूर्ण लोडवर बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर एकाच वेळी व्होल्टेज मोजले की हा दोष लगेच उघडा पडतो. हे टाळण्यासारखे नाही, कारण घरगुती यंत्रणेत आग लागण्याचा धोका अशा सैल जोडांपाशीही असतो.

संवादाची केबल

बॅटरी आणि इन्व्हर्टर कॅन किंवा आरएस-४८५ या माहिती वाहून नेणाऱ्या जोडणीवरून बोलत असतील तर वरच्या बऱ्याच मर्यादा बीएमएस स्वतःच इन्व्हर्टरला कळवते. मात्र केबल लागली म्हणजे संवाद जुळला असे नाही. दोन्हीकडे आरजे-४५ हे नेटवर्क केबलचेच सॉकेट असते, तरी कॅनच्या दोन तारा काही यंत्रांत ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनवर, तर काहींत ७ आणि ८ वर असतात. साधी नेटवर्क केबल त्यामुळे निरुपयोगी ठरते. दोन्ही पुस्तिकांतील पिनांचे तक्ते शेजारी ठेवून केबल बनवून घ्यावी. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रोधक लागतो, म्हणून यंत्रे बंद असताना दोन तारांमध्ये ६० ओमच्या आसपास रोध मोजला गेला पाहिजे. १२० दिसले तर एका टोकाचा रोधक नाही. त्यानंतर प्रोटोकॉलची (संवादाच्या भाषेची) निवड, फर्मवेअरची (यंत्रातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि मुख्य बॅटरीचे डीआयपी स्विच (सेटिंग ठरवणारी छोटी बटणे) तपासावेत.

संवाद नसेल तर इन्व्हर्टर टक्केवारीचा अंदाज व्होल्टेजवरून बांधतो आणि आयर्न फॉस्फेटच्या बाबतीत तो अंदाज विश्वासार्ह नसतो, कारण २० ते ८० टक्के या मोठ्या टप्प्यात सेलचे व्होल्टेज फारसे हलतच नाही. ‘४० टक्के असताना बंद पडली’ या तक्रारीतले ४० टक्के बहुधा असेच काढलेले असतात. संवाद जुळवता येत नसेल तर प्रवाह मोजणारा शंट मीटर स्वतंत्र बसवावा आणि बॅटरी अधूनमधून पूर्ण भरू द्यावी, म्हणजे त्याचा हिशेब पुन्हा जागेवर येतो.

एसी बाजूने जोडलेल्या यंत्रणेत, म्हणजे जिथे सौरपॅनेलचा आणि बॅटरीचा इन्व्हर्टर वेगवेगळे असतात तिथे, एक वेगळी अडचण येते: वीज गेलेली, बॅटरी भरलेली आणि भर दुपार, अशा वेळी सगळेच बंद पडते. बॅटरीचा इन्व्हर्टर वारंवारता थोडी वाढवून सौर इन्व्हर्टरला उत्पादन कमी करायला सांगतो. जुना सौर इन्व्हर्टर ती भाषा जाणत नाही आणि थेट बंद होतो. त्याचे ग्रिड सेटिंग बदलता येते का ते पाहावे, आणि सौर इन्व्हर्टरची क्षमता बॅटरी इन्व्हर्टरपेक्षा जास्त नसावी.

खर्चाचा हिशेब पेटीच्या किमतीवर संपत नाही

यांतले बरेच दोष खरेदीच्या वेळीच घरात येतात, म्हणून खर्च कसा मोजावा हेही इथेच सांगणे भाग आहे. बॅटरीची किंमत तिच्या छापील क्षमतेने भागून तुलना करणे चुकीचे आहे. ५.१२ युनिटच्या लिथियम बॅटरीतून ९० टक्के वापरता येते आणि एसी बाजूपर्यंत येता-जाता १० टक्के घट धरली तर हाती सुमारे ४.१५ युनिट येतात. ४८ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाचा लेड-अ‍ॅसिड संच छापील हिशेबाने ७.२ युनिटचा असतो, पण अर्धाच वापरायचा आणि घट २० टक्के, म्हणजे हाती २.८८ युनिट. किंमत या आकड्यांनी भागावी.

मग आयुष्य. रोज एक फेरी, म्हणजे बॅटरी एकदा भरणे आणि उतरणे, धरली तर १० वर्षांत ३,६५० फेऱ्या होतात. या काळातली सरासरी क्षमता ८५ टक्के मानली तर वरच्या लिथियम बॅटरीतून सुमारे १२,९०० युनिट मिळतात. ६,००० फेऱ्यांची बॅटरी या गतीने १६ वर्षांहून अधिक चालायला हवी, पण तोवर वयामुळेही सेल झिजतात, म्हणून ८,००० फेऱ्यांच्या दाव्यासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याउलट, वीज महिन्यातून पाच वेळाच जात असेल आणि बॅटरी तेवढ्यापुरतीच लागत असेल, तर १० वर्षांत ६०० फेऱ्या होतात आणि प्रत्येक युनिट सहा पट महाग पडते. अशा घराला लेड-अ‍ॅसिड आजही परवडू शकते, हे विक्रेता सांगणार नाही.

इन्व्हर्टरचा स्वतःचा वापरही मोजावा. रिकामा असताना तो ५० वॉट खात असेल तर दिवसाला १.२ युनिट जातात, म्हणजे वरच्या बॅटरीतल्या वापरायोग्य विजेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग. त्यात संवाद जुळत नाही म्हणून इन्व्हर्टर बदलावा लागला, डीसी फ्यूज आणि ब्रेकर नव्याने घ्यावे लागले, की स्वस्त बॅटरी महाग बॅटरीच्या पुढे निघून जाते. म्हणून इन्व्हर्टरच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या सुसंगत बॅटऱ्यांच्या यादीत आपले मॉडेल आहे का, बॅटरीला आयईसी ६२६१९ सारख्या सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्र आहे का आणि दोन वर्षांनी दुसरी बॅटरी समांतर जोडायला परवानगी आहे का, ही तीन उत्तरे पैसे देण्याआधी लेखी घ्यावीत. उच्च-व्होल्टेज संचात हे अधिकच गरजेचे आहे, कारण ४८ व्होल्टची कोणतीही बॅटरी तिथे पर्याय म्हणून चालत नाही.

हमी मागण्याची वेळ आली तर

वरचे सगळे तपासूनही दोष राहिला तर क्षमता मोजून दाखवावी. बॅटरी पूर्ण भरून, ठरावीक लोड लावून, बीएमएस संबंध तोडेपर्यंत बाहेर पडलेले अँपिअर-तास शंट मीटरवर मोजावेत आणि त्या वेळचे सेलचे आकडे, तापमान, इन्व्हर्टरचे सेटिंग आणि दोषांची नोंद यांची चित्रे तारखेसह जपून ठेवावीत. अनेक हमीपत्रांत वर्षे, फेऱ्या किंवा एकूण युनिट यांपैकी जे आधी पूर्ण होईल ती मुदत असते, आणि यादीत नसलेला इन्व्हर्टर किंवा बंद असलेला संवाद हे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते. म्हणून संवादाची केबल नीट जुळल्याचा आणि सेटिंग पुस्तिकेनुसार असल्याचा पुरावा दाव्यासोबत पहिल्याच पत्रात जोडावा.